स्विच बोलतो, पण ऐकायला कोणी आहे का? डहाणू-तलासरीत नेटवर्क सांभाळण्याचा धंदा करणाऱ्यांसाठी



मागच्या व्हिडिओत आपण मॅनेज्ड स्विचवर व्हीलॅन कसा बनवायचा ते पाहिलं. आज त्याच स्विचला बोलतं करायचं आहे. पोर्ट बंद पडला, लाइट जाऊन आली, कोणी चुकीचा पासवर्ड टाकून आत शिरायला बघतोय, या गोष्टी स्विचने स्वतःहून तुम्हाला कळवायच्या. व्हिडिओत सगळं स्क्रीनवर आहेच, पण वीस मिनिटांत समजावून सांगायला जे जमत नाही ते इथे सावकाश लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी हे कोणासाठी आहे ते सांगतो. आपल्या पट्ट्यात, म्हणजे डहाणू, बोर्डी, घोलवड, चारोटी, कासा, तलासरी, अच्छाड, सीसीटीव्ही आणि इंटरनेटची कामं करणारी बरीच तरुण मुलं आहेत. कॅमेरे बसवले, वायर ओढली, पैसे घेतले, विषय संपला. नंतर वर्षाचा मेंटेनन्सचा करार मिळाला तर मिळाला. खरा धंदा त्या करारात आहे. कॅमेरा एकदाच विकला जातो, सांभाळायचे पैसे मात्र दरवर्षी येतात.

आणि गिऱ्हाईक इथे आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला, त्यामुळे इथे मोठमोठे कारखाने धडाधड उभे राहिले नाहीत. इथलं गिऱ्हाईक म्हणजे चिकू पॅक करून पाठवणारा वाडीवाला, बोर्डीच्या किनाऱ्यावरचं रिसॉर्ट, बंदरावरचा बर्फखाना, हायवेवरचा पेट्रोलपंप आणि ढाबा, आश्रमशाळा, पतसंस्था, दहा-वीस खाटांचं हॉस्पिटल. राष्ट्रीय महामार्ग ४८ तलासरीतून गुजरातेत जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं आहेत. यातल्या कोणाकडेही स्वतःचा आयटीवाला नाही. त्यांचा आयटीवाला म्हणजे तुम्ही.

आता अडचण बघा. तुम्ही डहाणू रोडला बसला आहात आणि तलासरीच्या पुढच्या गोदामात स्विचचा एक पोर्ट रात्री दोनला मेला. त्या पोर्टवर मागच्या गेटचा कॅमेरा होता. कोणालाच कळलं नाही. सहा दिवसांनी चोरी झाली, शेठने रेकॉर्डिंग मागितलं आणि सहा दिवसांचं रेकॉर्डिंगच नाही. अशा वेळी शेठ पोर्ट-बिर्ट काही ऐकून घेत नाही. तो एवढंच विचारतो, "मग तुला पैसे कशाचे देतो रे मी?" आणि त्याचा प्रश्न बरोबर आहे.

विचारणं आणि सांगणं

नेटवर्कवरच्या वस्तूंची खबर घ्यायची जी पद्धत जगभर चालते तिचं नाव एसएनएमपी. सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल. जेफ्री केस, मार्क फेडोर, मार्टिन शॉफस्टॉल आणि जेम्स डेव्हिन या चौघांनी १९८८ मध्ये ती कागदावर आणली, १९९० च्या मे महिन्यात तिचा आरएफसी ११५७ निघाला. इतकी जुनी गोष्ट अजून का वापरायची, असं वाटेल. कारण सरळ आहे: स्विच, राउटर, यूपीएस, प्रिंटर, कोणत्याही कंपनीचे असोत, ही एक भाषा बहुतेकांना येते.

यात दोन रीती आहेत. पहिली विचारण्याची. तुमचा कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी स्विचला विचारतो, "ठीक आहेस का? पोर्ट तीन चालू आहे का?" स्विच उत्तर देतो. हे यूडीपीच्या १६१ नंबरच्या पोर्टवर चालतं. दुसरी रीत सांगण्याची. काही घडलं की कोणी न विचारता स्विच स्वतः कळवतो. हे जातं १६२ वर. या न विचारता आलेल्या निरोपाला ट्रॅप म्हणतात. आजचा विषय मुख्यतः हाच.

ट्रॅप म्हणजे साध्या टपालाने टाकलेलं कार्ड. पोचलं तर पोचलं. स्विच एकदा पाठवतो आणि विसरतो. मिळालं का, ते तो बघत नाही. दुसरा प्रकार आहे इन्फॉर्म. ते पोच मागणारं रजिस्टर्ड पत्र. पलीकडून पोच आली नाही तर स्विच पुन्हा पाठवतो, आणि पोच येईपर्यंत तो निरोप आपल्या मेमरीत धरून ठेवतो. इन्फॉर्म व्हर्जन २ पासून आला, व्हर्जन १ मध्ये नाही. मग सगळीकडे इन्फॉर्मच का लावू नये? लावा, पण छोट्या स्विचची मेमरी तेवढीच असते आणि स्वस्त मॉडेलांत इन्फॉर्मची सोय नसतेही. मी अपलिंकसाठी इन्फॉर्म आणि बाकी सगळ्याला ट्रॅप असं ठेवतो.

स्विच घेताना

थोडक्यात सांगतो, कारण यावर वेगळा व्हिडिओ आहे. अनमॅनेज्ड स्विच मुका असतो, त्याला काहीही बोलता येत नाही. "स्मार्ट" नावाने विकल्या जाणाऱ्या स्विचमध्ये फसगत होते: काहींत एसएनएमपी अजिबात नसतं, काहींत विचारलं तर उत्तर मिळतं पण ट्रॅप नसतो. दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. त्या मॉडेलची डेटाशीट उघडा आणि एसएनएमपी, ट्रॅप आणि व्हर्जन ३ हे तिन्ही शब्द सापडतात का बघा. तिन्ही सापडले तरच घ्या.

प्रत्यक्ष सेटिंग

उदाहरण सिस्कोच्या स्विचचं घेतोय, कारण इतर कंपन्यांच्या बऱ्याच कमांड त्याच वळणाच्या असतात. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप इंग्रजीतच करायच्या, पण साइटवरच्या पोराला फोनवरून सांगायच्या असतील तर अशाच सांगाव्या लागतात!

सर्वात आधी पोर्टना नावं द्या. हे काम सगळे टाळतात आणि नंतर रडतात. स्विच निरोपात पोर्टचा अंतर्गत नंबर पाठवतो. सिस्को २९६० वर पहिल्या गिगाबिट पोर्टचा नंबर १०१०१ असतो. रात्री तीनला फोनवर "१०१०१ डाऊन" असं आलं तर तुम्ही काय समजणार? म्हणून प्रत्येक पोर्टवर जाऊन "डिस्क्रिप्शन" कमांडने नाव लिहा: मागचं गेट कॅमेरा, बिलिंग काउंटर, रेकॉर्डर, अपलिंक. मग निरोप घेणारं सॉफ्टवेअर स्विचला विचारून ते नाव दाखवू शकतं.

मग निरोप कुठे पाठवायचा ते सांगा. "एसएनएमपी-सर्व्हर होस्ट", पुढे तुमच्या रिसीव्हरचा पत्ता, समजा १०.१०.१०.५, पुढे "व्हर्जन २सी" आणि शेवटी कम्युनिटीचं नाव. हे नाव म्हणजे पासवर्डसारखंच, फक्त उघड्यावर जाणारं. त्यावर पुढे बोलतो.

नंतर कोणते निरोप पाठवायचे ते: "एसएनएमपी-सर्व्हर एनेबल ट्रॅप्स एसएनएमपी", पुढे "लिंकडाऊन लिंकअप कोल्डस्टार्ट ऑथेंटिकेशन". इथे बरेच जण घाई करतात. "एनेबल ट्रॅप्स" एवढंच लिहून एंटर मारला तर स्विचला माहीत असलेले सगळेच्या सगळे प्रकार चालू होतात. मग निरोपांचा पूर येतो आणि दोन दिवसांत तुम्ही फोन सायलेंटवर टाकता. त्याक्षणी तुमची निगराणी संपली.

आणखी एक ओळ, जी पुस्तकांत मागे कुठेतरी असते पण कामाची आहे: "एसएनएमपी-सर्व्हर ट्रॅप-सोर्स व्हीलॅन", पुढे मॅनेजमेंटचा नंबर. स्विचला दोन-तीन व्हीलॅनमध्ये पत्ते असतील तर निरोप कधी या पत्त्यावरून निघतो, कधी त्या. तुमच्या रिसीव्हरने स्विच एका पत्त्याने ओळखलेला असतो, दुसऱ्या पत्त्यावरून आलेला निरोप त्याला अनोळखी वाटतो. ही ओळ टाकली की निरोप कायम एकाच पत्त्यावरून निघतात.

आणि शेवटी सेव्ह करा. "कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग". आपल्याकडे पावसाळ्यात लाइटची काय गत असते ते मी सांगायला नको. सेव्ह न करता घरी आलात तर रात्री लाइट गेली की तुमची सगळी मेहनत पाण्यात.

मायक्रोटिक वापरणाऱ्यांसाठी: तिथे एसएनएमपीच्या खिडकीत ट्रॅप-टार्गेट, ट्रॅप-कम्युनिटी आणि ट्रॅप-जनरेटर्स असे रकाने आहेत. जनरेटर्समध्ये इंटरफेसेस निवडायचं आणि ट्रॅप-इंटरफेसेसमध्ये नेमके कोणते ते द्यायचं. तत्त्व तेच.

काय बंद ठेवायचं

माझ्या मते या कामातलं खरं कौशल्य इथे आहे. चालू करणं कोणालाही येतं.

बिलिंग काउंटरचा कॉम्प्युटर रोज सकाळी चालू होतो, रात्री बंद होतो. म्हणजे त्या पोर्टचे रोज दोन निरोप. रिसेप्शनचा प्रिंटर झोपतो, उठतो. मॅनेजर लॅपटॉप लावतो, काढतो. वीस पोर्टचे असे चाळीस-पन्नास निरोप रोज आले की त्यात मागच्या गेटचा कॅमेरा गेल्याचा एक निरोप हरवणारच. म्हणून माणसं ज्या पोर्टना हात लावतात त्या सगळ्यांवर जाऊन "नो एसएनएमपी ट्रॅप लिंक-स्टेटस" द्या. जे पोर्ट चोवीस तास चालूच असायला हवेत त्यांचेच निरोप ठेवा: अपलिंक, रेकॉर्डर, कॅमेरे, वायरलेसचा डबा, कोल्ड रूमच्या तापमानाची नोंद घेणारं यंत्र. गिऱ्हाइकाला सरळ विचारा, "शेठ, काय बंद पडलं तर मी तुम्हाला झोपेतून उठवलं तरी चालेल?" तो दोन-तीन नावं घेईल. तीच तुमची यादी.

कॅमेऱ्यांचं एक गुपित सांगतो. स्विचमधूनच वीज घेणारे, म्हणजे पीओईवरचे कॅमेरे दिवसा नीट चालतात आणि रात्री एकेक करून बंद-चालू होतात, अशी तक्रार नेहमी येते. पोरं कॅमेरा बदलतात, वायर बदलतात. पण अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, प्रत्येक कॅमेरा जास्त वीज ओढतो आणि स्विचचं एकूण विजेचं बजेट संपतं. मग स्विच काही पोर्टची वीज कापतो. पीओईसाठी आरएफसी ३६२१ मध्ये वेगळे निरोप ठरवलेले आहेत: कोणत्या पोर्टची वीज बंद झाली, आणि एकूण वापर ठरलेल्या टक्क्याच्या वर गेला का. दुसरा निरोप चालू करून मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. संध्याकाळी सात वाजता तो निरोप आला की कॅमेरा न बदलता तुम्हाला आजार कळतो.

आणखी एक चालू ठेवण्यासारखा: स्पॅनिंग ट्रीचा टोपोलॉजी बदलल्याचा निरोप. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मोकळी वायर दिसली की कोणीतरी तिची दोन्ही टोकं भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतंच. लूप झाला की सगळं नेटवर्क गुदमरतं. स्पॅनिंग ट्री चालू असेल तर स्विच तो लूप तोडतो, पण तोडला हे तुम्हाला कळायला हवं ना.

ज्या रस्त्याने निरोप जायचा तोच रस्ता तुटला तर?

आता मुद्द्याचा प्रश्न. अपलिंकची वायर तुटली. स्विच ओरडतोय "अपलिंक गेली, अपलिंक गेली", पण ओरडणं बाहेर जायचा रस्ता तीच अपलिंक. निरोप आतल्या आत मेला. लाइट गेली तर त्याहून वाईट. स्विचला ओरडायलाही वेळ मिळत नाही. काही महागड्या औद्योगिक स्विचमध्ये शेवटचा श्वास घेताना एक निरोप सोडण्याची सोय असते, पण पेट्रोलपंपावर तसला स्विच कोणी बसवत नाही.

म्हणून नुसत्या ट्रॅपच्या भरवशावर करार घेऊ नका. तीन गोष्टी एकत्र लागतात. एक, तुटलेल्या वायरच्या दुसऱ्या टोकाचं यंत्र. तिथे आणखी एक मॅनेज्ड स्विच असेल तर तो आपल्या बाजूने "लिंक डाऊन" कळवतो. दोन, ऑफिसमधून दर मिनिटाला पिंग. लागोपाठ तीन पिंगना उत्तर नाही तर अलार्म. शांतता हाही निरोपच आहे. तीन, स्विच आणि राउटर दोघांना एक छोटा यूपीएस. यूपीएसला नेटवर्क कार्ड असेल तर तोही एसएनएमपी बोलतो. बॅटरीवर गेल्याचा ठरलेला ट्रॅप आरएफसी १६२८ मध्ये आहे. म्हणजे लाइट गेल्याची बातमी स्विच मरायच्या आधी तुमच्या हातात.

हे सगळं का करायचं? कारण पैशाचा वाद इथेच होतो. समजा, रिसॉर्टवाल्या काकांचा फोन आला: "काल रात्री चार तास नेट नव्हतं, पाहुण्यांनी शिव्या घातल्या, या महिन्याचे पैसे कापणार." तुमच्याकडे नोंद नसेल तर ते म्हणतील तेच खरं. नोंद असेल तर बघा काय काय कळतं. रात्री ११:४० पासून पिंग बंद. ३:१५ ला पिंग परत सुरू, आणि त्याच वेळी स्विचकडून कोल्डस्टार्टचा निरोप. कोल्डस्टार्ट म्हणजे स्विच पूर्ण बंद होऊन नव्याने चालू झाला. म्हणजे लाइट गेली, किंवा कोणीतरी मोबाइल चार्ज करायला प्लग काढला. दोन्हीत तुमची वायर निर्दोष.

आता उलटं बघा. पिंग ३:१५ ला परत आलं पण कोल्डस्टार्ट नाही. इथे लगेच निष्कर्ष काढू नका. स्विच नुकताच चालू होतो तेव्हा स्पॅनिंग ट्री अपलिंकला साधारण अर्धा मिनिट रोखून धरते, पंधरा सेकंद ऐकण्यात आणि पंधरा शिकण्यात. नेमक्या त्याच वेळात स्विच कोल्डस्टार्टचा ट्रॅप सोडतो आणि तो हरवतो. म्हणून स्विचला विचारा, "किती वेळ चालू आहेस?" त्याला सिस-अपटाइम म्हणतात. उत्तर "दहा मिनिटं" आलं तर तो मेला होता, फक्त निरोप हरवला. "चाळीस दिवस" आलं तर स्विच रात्रभर जिवंत होता, बिघाड बाहेरच्या लाइनमध्ये. मग तक्रार इंटरनेट देणाऱ्याकडे जाते, वेळेसकट, पुराव्यासकट. काकांच्या हातात तो कागद दिलात की पैसे कापायचा विषय बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

अपटाइमचं एक विचित्र वळण आहे. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि ३२ बिटांच्या रकान्यात मावतो, म्हणून साधारण ४९७ दिवसांनी तो शून्यावर येतो. दीड वर्ष न अडखळता चाललेला स्विच एके दिवशी "आत्ताच जन्मलो" असं सांगतो. त्याला पकडून रिस्टार्ट झाला म्हणू नका.

वेळेचंच आणखी एक. ट्रॅपमध्ये घड्याळाची वेळ नसते, फक्त हा अपटाइम असतो. तारीख-वेळ लावतो तुमचा रिसीव्हर, निरोप पोचल्यावर. म्हणून रिसीव्हरचं घड्याळ बरोबर असायलाच हवं. आणि स्विचचा स्वतःचा लॉग बघायचा असेल तर त्यालाही एनटीपी लावा. नाहीतर सिस्कोचे बरेच जुने स्विच लाइट आल्यावर १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात. असा लॉग काकांना दाखवलात तर ते हसतील.

निरोप घेणार कोण?

झबिक्स किंवा लिब्रेएनएमएस, दोन्ही फुकट आहेत. जुना कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पाय असला तरी दहा-वीस स्विच आरामात सांभाळतो. ट्रॅप घेण्याचं काम खाली नेट-एसएनएमपीचा एसएनएमपीट्रॅपडी नावाचा प्रोग्राम करतो आणि इथे नव्या माणसाचा अख्खा दिवस जातो. व्हर्जन ५.३ पासून तो परवानगी दिल्याशिवाय कोणताच ट्रॅप स्वीकारत नाही. त्याच्या फाइलमध्ये "ऑथकम्युनिटी लॉग,एक्झिक्यूट,नेट" आणि पुढे तुमचं कम्युनिटी नाव ही ओळ हवी. शिवाय फायरवॉलमध्ये यूडीपी १६२ उघडा. तरीही काही दिसत नसेल तर टीसीपीडम्प चालवून १६२ वर काही येतंय का बघा. येत असेल तर दोष रिसीव्हरमध्ये, येत नसेल तर स्विच किंवा रस्त्यात. अर्धं भांडण तिथेच मिटतं.

रिसीव्हर ठेवायचा कुठे? गिऱ्हाइकाकडे ठेवला तर त्याचं इंटरनेट गेल्यावर तो तुमच्या फोनपर्यंत पोचू शकत नाही. तुमच्या ऑफिसात ठेवला तर इंटरनेट गेलेल्या काळातले निरोप हरवतात. मोठ्या गिऱ्हाइकाकडे दोन्ही ठेवा: तिथला छोटा डबा नोंद ठेवेल, ऑफिसातला अलार्म देईल. सिस्कोवर "होस्ट"ची ओळ दोन वेगळ्या पत्त्यांसाठी दोनदा लिहिता येते. छोट्याला ऑफिसातला एकच पुरे. आणि मधला रस्ता कायम व्हीपीएनचा. एसएनएमपी उघड्या इंटरनेटवर टाकायचं नाही म्हणजे नाही.

कम्युनिटीचं नाव "पब्लिक"?

कित्येक स्विच कारखान्यातून येतानाच वाचण्यासाठी "पब्लिक" आणि बदलण्यासाठी "प्रायव्हेट" अशी नावं घेऊन येतात. ती तशीच ठेवणं म्हणजे दुकानाला कुलूप लावून किल्ली कुलपातच ठेवणं. शिवाय व्हर्जन १ आणि २सी मध्ये हे नाव तारेवरून उघडं जातं. मधे बसलेला कोणीही वाचू शकतो. फेब्रुवारी २००२ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की अनेक कंपन्यांच्या यंत्रांत एसएनएमपी हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये मोठी भगदाडं होती, ट्रॅप स्वीकारण्याच्या भागातसुद्धा. तेव्हा जगभर धावपळ झाली. म्हणून स्विचचं फर्मवेअर जुनं ठेवू नका.

डिसेंबर २००२ च्या आरएफसींनी पक्कं झालेलं व्हर्जन ३ वापरा, जमेल तिथे. यात नाव, पासवर्ड आणि मजकूर झाकून पाठवण्याची सोय आहे. सिस्कोवर आधी ग्रुप: "एसएनएमपी-सर्व्हर ग्रुप", नाव, "व्ही३ प्रिव्ह". मग यूजर: "एसएनएमपी-सर्व्हर यूजर", नाव, ग्रुप, "व्ही३ ऑथ शा", पासवर्ड, "प्रिव्ह एईएस १२८", दुसरा पासवर्ड. यूजरची ही ओळ नंतर कॉन्फिगरेशनमध्ये दिसत नाही. घाबरू नका, ती गेलेली नाही, मुद्दाम लपवलेली असते. पण वहीत लिहून ठेवा. यूजरच्या किल्ल्या स्विचच्या इंजिन आयडीशी बांधलेल्या असतात. इंजिन आयडी बदलला की सगळे यूजर पुन्हा बनवावे लागतात. आणि व्हर्जन ३ चा ट्रॅप घेताना रिसीव्हरलाही त्या स्विचचा इंजिन आयडी सांगून ठेवावा लागतो, नाहीतर ट्रॅप येऊनही तो उघडत नाही.

ऑथेंटिकेशनचा ट्रॅप मघाशी चालू करायला सांगितला तो याचसाठी. चुकीच्या कम्युनिटी नावाने कोणी स्विचला विचारलं की तो येतो. कधी ते तुमचंच जुनं सॉफ्टवेअर असतं, कधी प्रिंटर शोधणारा एखादा प्रोग्राम. पण एकाच पत्त्यावरून रात्रभर आला तर उठून बघा.

पतसंस्था किंवा हॉस्पिटल गिऱ्हाईक असेल तर हेही माहीत असू द्या: सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे, घड्याळं एनटीपीने जुळवायची आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. तुमचा ट्रॅपचा साठा सहा महिने ठेवा. जागा फार लागत नाही, आणि संस्थेच्या सेक्रेटरीसमोर तुमचं वजन वाढतं.

विकायचं कसं

शेठला एसएनएमपी शब्द सांगू नका. त्याला त्याच्याच गोष्टी सांगा: कॅमेरा बंद पडला तर किती मिनिटांत तुम्हाला कळेल, आणि कळल्यावर किती तासांत माणूस पोचेल. या दोन वेळा करारात वेगवेगळ्या लिहा. कळण्याची वेळ तुमच्या हातात आहे, पोचण्याची पावसावर आणि हायवेच्या ट्रॅफिकवर आहे. दोन्ही एकत्र लिहून दिलंत तर पहिल्याच जुलैत अडकाल. लाइट गेल्यामुळे बंद पडलेला वेळ मोजला जाणार नाही, आणि तो कोल्डस्टार्ट व अपटाइमच्या नोंदीवरून ठरेल, हेही लिहा. दर ठरवताना तलासरीचा एक फेरा किती पेट्रोल आणि किती तास खातो ते मांडा. महिन्यात वाचलेला एक फेरा तुमच्या खिशात, वाचलेला दुसरा शेठला सवलत.

महिन्याच्या शेवटी एक पानाचा कागद द्या. किती निरोप आले, किती वेळा लाइट गेली, कोणता पोर्ट वारंवार पडतो. बऱ्याच जणांना हे कंटाळवाणं वाटतं, पण काहीच बिघडलं नाही त्या महिन्यात शेठला पैसे कशाचे ते दिसायला हवं.

आणि काम सोपवताना चाचणी शेठसमोरच करा. त्याचा फोन त्याच्या हातात द्या, टेलिग्रामचा ग्रुप उघडा ठेवा आणि त्यालाच मागच्या गेटच्या कॅमेऱ्याची वायर उपटायला सांगा. काही क्षणांत त्याच्या फोनवर "मागचं गेट कॅमेरा बंद" आलं पाहिजे. वायर परत लावली की "चालू". मग स्विचचा प्लग काढा आणि पिंगचा अलार्म येईपर्यंत थांबा. ही तीन-चार मिनिटं लांब वाटतात, तेवढ्यात चहा सांगा. प्लग लावल्यावर कोल्डस्टार्ट आला का, नाही आला तर अपटाइम काय म्हणतो, ते तपासून वहीत तारखेसह लिहा आणि त्याखाली शेठची सही घ्या.

पुढच्या व्हिडिओत यूपीएसचं नेटवर्क कार्ड उघडून दाखवतो. त्याआधी तुमच्या एका तरी स्विचवर पोर्टची नावं लिहून ठेवा, त्याच स्विचवर पुढचं काम करायचं आहे.